पैसे भरून आवणी

चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभी असलेला माझा फोटो जो बघतो, तो एकच विचारतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींनी विचारलं, आणि सगळ्यात खोचकपणे विचारलं ते माझ्या धाकट्या भावानं. "ताई, तू पवन मावळातली. भात लावायला तुला पैसे भरून व्हिएतनामला जावं लागलं?"

आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते.

आधी एक कबुली. मी मावळातली असले तरी आयुष्यात भाताचं एक रोप लावलं नव्हतं. आमच्याकडे आवणी म्हणतात, कोकणात लावणी. आवणीच्या दिवसांत सगळं घर खाचरात असायचं आणि मी भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन बांधापर्यंत जायची. तिथून पुढं आई येऊ द्यायची नाही. "हिला शिकायचंय, हिचे पाय कशाला सडवायचे," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी बांधावर उभी राहून बघायची. ओळीनं वाकलेल्या बायका, डोक्यावर इरली, आणि सगळ्या एकदम एकेक पाऊल मागं. भावाला हे पक्कं माहीत आहे. तरी विचारतो, कारण त्याला टोचायला आवडतं.

आणि भात लावायला म्हणून आम्ही गेलोही नव्हतो. होई आनमध्ये मुक्काम होता. ते जुनं बंदराचं गाव, १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत, संध्याकाळी कंदिलांनी उजळतं आणि गर्दीनं गुदमरतं. दोन संध्याकाळी कंदील बघून झाल्यावर यांनी अर्ध्या दिवसाची खेड्याची सहल ठरवली. सकाळी आठ ते दुपारी एक. सायकल, भाजीचा मळा, भातशेती, टोपलीची होडी आणि शेवटी आपणच रांधलेलं जेवण. मला त्यातलं जेवण हवं होतं, यांना सायकल.

आमची गाईड चोवीस-पंचवीस वर्षांची. भेटताक्षणी तिनं माझं वय विचारलं. मी जरा चपापले. मग कळलं की वय कळल्याशिवाय तिला माझ्याशी बोलताच येईना. व्हिएतनामी भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' यांची कामं नात्याचे शब्द करतात. माझे आईवडील तुमच्यापेक्षा लहान, म्हणजे तुम्ही 'बाक', ती म्हणाली. आईवडिलांपेक्षा मोठे असतील ते 'बाक', काकू असो की काका. आजीच्या वयाची बाई असेल तर 'बा'. आपण रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी करतो, पण तिथे ते सौजन्य नाही, व्याकरण आहे.

पहिला थांबा त्रा क्वे. होई आनपासून जेमतेम तीन किलोमीटर. जमीन वाळूची, एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला तळं. त्या तळ्यातली पाणवनस्पती काढून आणायची आणि वाफ्यात मातीखाली गाडायची, हे इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं खत. अरुंद, लांब वाफे, आणि त्यात नुसता वासाचा पाला. तुळशीची जात, पुदिना, कातरलेल्या कडांची कोथिंबिरीसारखी वासाची पानं, एक पान वरून हिरवं आणि खालून जांभळं. एक पान तर चुरगाळल्यावर चक्क मासळीचा वास येतो. यांनी ते तोंडात टाकलं आणि पुढचा अर्धा तास काही बोलले नाहीत. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं या गावाला जगातल्या उत्तम पर्यटन गावांत धरलं, तेव्हापासून वाफ्यांपेक्षा पायवाटांवर जास्त वर्दळ असते म्हणे.

तिथे पाणी द्यायला लावतात. खांद्यावर बांबू, दोन टोकांना दोन मोठ्या झाऱ्या. ती कावड हो, दुसरं काही नाही! शिंगणापूरच्या कावडी बघितलेल्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. तरी मी ती खांद्यावर घेतली आणि दहाव्या पावलाला कळलं की कावड खांद्यावर नसते, चालीत असते. बांबू एका लयीत वाकतो, त्याच लयीत पाऊल पडलं तर वजन निम्मं होतं, नाहीतर दुप्पट. माझं दुप्पट झालं. दोन वाफे पलीकडे एक बाई खरंच पाणी देत होती. तिच्याकडे कोणी कॅमेरा धरला नव्हता. दोन्ही झाऱ्या एकदम कलंडायच्या, दोन वाफे एकदम भिजायचे आणि चाल मोडायची नाही. मी माझ्या झाऱ्या खाली ठेवल्या आणि तिच्याकडेच बघत राहिले.

मग भाताचं शेत. मार्च महिना. तिथे वर्षाला दोन पिकं. एक डिसेंबर-जानेवारीत धरतात ते एप्रिलपर्यंत, दुसरं उन्हाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर येतात, तेव्हा शेत रिकामंच बरं. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा चहूकडे भात चांगला मांडीएवढा होता, आणि मधल्या एका लहानशा खाचरात चिखल करून आमच्यासाठी रोपांच्या जुड्या मांडून ठेवल्या होत्या. बांधावर राहून का होईना, मी जे काही बघितलं होतं ते तिथे उपयोगी आलं. आजूबाजूच्या शेतांत ओळीच नव्हत्या. मी गाईडला विचारलं, हे लावलेलं दिसत नाही, फेकलेलं दिसतंय. ती हसली. म्हणाली, आता इथे बहुतेक सगळे मोड आलेलं भात थेट चिखलावर फेकतात, वाकून लावत बसायला माणसं कुठायत? आपल्या रायगडात रहू पेरतात, तसंच. आणि कापणी यंत्रानं. म्हणजे आम्हाला जी शेती शिकवत होते, ती शेजारच्या बांधापलीकडे कोणी करत नव्हतं.

तिथे एक रेडाही होता. ते लोक रेड्याला फार मानतात. त्यांच्या बारा वर्षांच्या राशिचक्रात चिनी लोकांचा बैल आहे, तिथे व्हिएतनामी लोकांचा रेडा. यांना त्याच्या पाठीवर बसवून फोटो काढला. तो घरच्या ग्रुपवर टाकल्यावर दोन मिनिटांत भाच्याचं उत्तर आलं, "काका, कोणाला न्यायला निघालात?" मी बसले नाही. जनावर शहाणं होतं, पण रोज दहा-बारा परक्या माणसांना पाठीवर घेऊन त्याला काय वाटत असेल, हे त्याच्या डोळ्यांत मला बघवेना.

चिखलात उतरले मात्र. आणि ते सांगायला शब्द नाहीत असं काही मी म्हणणार नाही, चांगले आहेत. पाय आत गेला, बोटांच्या फटींतून चिखल वर आला, आणि वरचं पाणी कोमट अन् खालचा गाळ गार लागला. तिथला म्हातारा रोपं कशी धरायची ते दाखवत होता. तीन-चार काड्या, मुळाशी अंगठा, सरळ खाली. मी सगळ्यांसारखी पुढं सरकायला लागले आणि अचानक थांबले. आई, चुलती, सगळ्या मागं सरकायच्या! पुढं गेलं तर आपलंच लावलेलं तुडवलं जातं. मी वळून मागं मागं जायला लागले तसा म्हातारा काहीतरी बोलला. गाईडनं सांगितलं, ते विचारतायत, बाक शेतकरी आहे का? मी म्हटलं, आई होती.

माझी ओळ नागमोडीच झाली. आई असती तर तिनं तिथल्या तिथे उपटून परत लावली असती.

आणि झालं नेमकं तेच. आम्ही हातपाय धुऊन बांधावर बसलो होतो, तर म्हातारा शांतपणे आम्ही लावलेलं एकेक रोप उपटून, मुळं खळबळून, जुडी बांधून ठेवत होता. दुपारच्या गटासाठी. आमच्या बरोबरच्या एका जोडप्याचा चेहरा पडला. आपण लावलेला भात पिकणार, कोणाच्या तरी ताटात जाणार, अशी त्यांची समजूत होती बहुतेक. मला मात्र खरं सांगायचं तर हायसं वाटलं. असल्या वाकड्या ओळीवर कोणाचं पोट अवलंबून असू नये.

त्या शेतांच्या मधोमध थडगी होती. पिकात उभी, चुन्यानं रंगवलेली. घरातली माणसं आपल्याच शेतात पुरतात. आपल्याकडे बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो, तसे तिथे आजोबा-पणजोबा. म्हणून वाटलं होतं जमीन पिढीजात मालकीची असेल. तसं नाही. तिथली सगळी जमीन कायद्यानं समस्त जनतेची, कारभार सरकारचा. शेतकऱ्याकडे फक्त वापराचा हक्क आणि त्याचं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक. आपला सातबारा म्हणा हवं तर, फक्त मालकीचा रकाना नसलेला. सामुदायिक शेती होती तेव्हा कामाचे गुण मोजून भात वाटायचे. १९८६ नंतर धोरण बदललं, १९८८ मध्ये कसण्याचा हक्क घराघरांकडे आला, आणि तोवर तांदूळ बाहेरून आणणारा तो देश १९८९ मध्ये तांदूळ विकायला लागला. एका वर्षात! गाईडनं हे पाठ केल्यासारखं सांगितलं, पण मी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर अकरा वर्षं काढली आहेत. माझ्या अंगावर काटा आला.

टोपलीच्या होडीबद्दल थोडक्यात. कणगी अर्धी कापून पाण्यात सोडावी, तशी ती गोल बांबूची होडी. कणगीसारखीच शेणानं सारवतात, वरून झाडाचा चीक लावतात. फ्रेंच काळात होड्यांवर कर होता, म्हणून होडी नाही ही, टोपली आहे, असं सांगून लोकांनी तो चुकवला, ही गोष्ट तिथे प्रत्येक नावाडी सांगतो. खरी असो नसो, कोणाही मराठी माणसाला पटेल अशी आहे. पण कम थान गावच्या ज्या पाणनारळीच्या बनात ती होडी फिरवतात, तिथे कर्ण्यांवर गाणी इतकी मोठ्यानं चालू होती की मी कान झाकून बसले. ते वगळलं असतं तरी चाललं असतं.

ज्याच्यासाठी मी परत जाईन ती गोष्ट फोटोत नाही. जेवणाआधी भात सडायचा, पाखडायचा, आणि भिजवलेला तांदूळ दगडी जात्यावर वाटायचा असा कार्यक्रम होता. जातं ओलं, वरून पाण्यासकट तांदूळ घालायचे, कडेच्या पन्हळीतून पीठ वाहत येतं. पाखडायला एक म्हातारी बसली होती, ऐंशीच्या पुढची. ती दोन झटके मारून दाखवायची, मग पाहुण्यांनी मारायचे, तांदूळ सगळीकडे उडायचे, सगळे हसायचे. माझी पाळी आली. मी घरात चाळीस वर्षं सूप वापरतेय, म्हटलं आता दाखवते. पण त्यांचं सूप गोल! आपल्या सुपाला एक बाजू मोकळी असते, कोंडा कुठून जायचा ते सुपालाच माहीत असतं. गोल थाळीला कडच कड. पहिल्या झटक्याला कोंडा माझ्याच पदरात. म्हणजे ओढणीत.

म्हातारीनं हात पुढं केला नाही. तिनं नुसतं मनगट थोडं वाकडं करून दाखवलं. थाळी आपल्याकडे जरा उचललेली, झटका संपताना पुढची कड खाली. मी परत केलं. तिनं मान हलवली. परत केलं. गाईडनं वेळ झाल्याचं सांगितलं, बाकीचे पुढं गेले. पाचव्या-सहाव्या झटक्याला कोंडा पुढं गेला, तांदूळ मागं राहिले, आणि म्हातारी काहीतरी म्हणाली. भाषांतर करायला कोणी नव्हतं. मग तिनं माझ्या हातातली थाळी घेतली, उरलेलं सगळं दोन मिनिटांत पाखडलं आणि त्यातले खडे वेचायला लागली. पाहुण्यांसाठी नव्हे, तांदूळ होते म्हणून. मीही शेजारी बसून वेचले. कोणी काही बोललं नाही.

जेवणात बान सेओ. तांदळाचं पीठ, हळद, गरम तव्यावर चर्र. 'सेओ' म्हणजे तो चर्र आवाजच. घावन म्हणा. फक्त पोटात कोळंबी, डुकराचं मांस आणि मोड. ते कागदासारख्या तांदळाच्या पापडात पाल्यासकट गुंडाळून खायचं. शाकाहारी असाल तर 'आन चाय' म्हणायला शिका. चहा मिळणार नाही, शाकाहारी जेवण मिळेल. बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे टाळतात, त्यामुळे शब्द सगळ्यांना कळतो. माशाच्या पाण्याचं, म्हणजे फिश सॉसचं, वेगळं विचारा, ते चटणीत हमखास असतं.

परत आल्यावर हे सगळं भावाला सांगितलं. त्याची चार खाचरं उरलीत, बाकीची बंगल्यांना गेली. हल्ली पुण्याची माणसं जुलैत मावळात पैसे देऊन आवणी करायला येतात, त्यांना तो आजवर हसत आला. माझं थडग्यांचं, लाल पुस्तकाचं, म्हातारीचं त्यानं ऐकून घेतलं. रोपं उपटण्याचं सांगितलं तेव्हा मात्र हातातला चहा खाली ठेवला.

"एक रोप किती वेळा लावतो?"

"दोन-तीन दिवस. मग माना टाकतात म्हणाला."

"आणि सहली रोज?"

"रोज. दोनदा."

"म्हणजे दर आठवड्याला नवं रोप पेरत असणार तो. बारा महिने." तो थोडा वेळ विहिरीकडच्या तुकड्याकडे बघत राहिला. "ताई, तो भाताचं नाही, रोपाचं पीक घेतो."