एवढी पानं कशाला?

"घर एक, मजले दोन, मग नकाशाची एवढी पानं कशाला?" लातुरात ड्राफ्ट्समनचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न पाठ झालाय. पाठोपाठ येणारं वाक्यही: "पानांचे पैसे लावता तुम्ही!" तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

लावतो पैसे. काही पानं पुढं कुणी उघडतही नाही. एलेव्हेशनचं, म्हणजे घर समोरून कसं दिसेल त्याचं, रंगीत चित्र तर पाहुण्यांना दाखवायलाच असतं. तेवढं मान्य.

पण प्लॅन म्हणजे घर साधारण चार फुटांवर आडवं कापून वरून पाहिलेलं. उंची त्यात नसतेच. कापलेल्याच्या वर जे असतं, माळा, बीम, स्लॅबची कड, ते तुटक रेघेनं दाखवतात. माझ्या मावशीच्या घरी त्या तुटक रेघेनंच घात केला.

औशाकडचं घर. काकांनी मिस्त्रीला प्लॅनचं एक पान दिलं. बाकीची "मळतील" म्हणून बँकेच्या कागदांसोबत कपाटात. भिंतीलगत सरळ जिना, पायरी सात इंचांची, मजला दहा फुटांचा. जिन्यावर स्लॅब कुठं संपतो ती रेघ मी तुटक घातली होती. मिस्त्री म्हणाला, "तुटक हाय म्हंजे रद्द केलेली." काकांनाही वरची खोली दोन फूट मोठी मिळत होती, तेही गप्प बसले. स्लॅब पुढं सरकला. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचे टेकू-फळ्या, निघालं तेव्हा सातव्या पायरीवर साडेपाच फूटही उरले नव्हते. डोक्यावर किमान 2.2 मीटर, म्हणजे सव्वासात फूट, मोकळे धरतात. सोयाबीनचं कट्टं खांद्यावर घेतलेला गडी पहिल्याच खेपेला आपटला. फोडायचं म्हटलं तर इंजिनिअरनं हात वर केले, मुख्य सळया त्याच अंगाला गेलेल्या. आता त्या कडेला गोधडीचा तुकडा बांधलाय आणि कट्टे अंगणातून दोरानं वर ओढतात.

"तोंडानं सांगायला काय झालं होतं गं?" मावशी म्हणाली. मी कपाटातून सेक्शनचं, म्हणजे घर उभं कापून दाखवणारं, पान काढून तिच्यापुढं पसरलं. डोक्यावरची उंची आकड्यात लिहिलेली होती. पानाची घडीही मोडलेली नव्हती. तिनं पाहिलं नाही. पुढं बरेच दिवस तिच्याकडून जेवायचं बोलावणं आलं नाही.

आयटीआयमधून नुकती बाहेर पडले तेव्हा मी ठणकावून सांगितलं असतं, रेघ बरोबर आहे, माझं काम संपलं. आता तेवढा आवाज निघत नाही. पण मग नकाशा काढणारीनं साइटवर जाऊन उभंही राहायचं का? त्याचे पैसे कोण देणार? यावर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.

जिना चुकला तर टेंगूळ येतं. फुटिंगचं, म्हणजे पायाचं, पान कपाटात राहिलं तर? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरुमासाठी पाया किती खोल न्यायचा ते त्या पानावर. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगेचं टोक 135 अंशांत आत वळवायचं, 90 वर सोडलं तर भूकंपात उघडतं, ते कॉलमच्या पानावर. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत दगडमातीची घरं पडली, आमचं कॉलमचं आहे, असं लोक बिनघोर सांगतात. अहो, कॉलमला धरून ठेवते ती रिंगच!

हल्ली मी सगळा संच पिना मारून देते. लोक पिना उचकटून प्लॅन तेवढा काढून घेतात.