बिडाच्या जागी बीडच

गाडी टो करूनच आली. १९५७ ची एमजीए, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंजिन १४८९ सीसी, दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर. मालक सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणतो. जुन्या कात्रज घाटात बोगद्याच्या अलीकडे गाडी बंद पडली, अर्ध्या तासाने सुरू झाली आणि दोन वळणांवर पुन्हा बंद. "सकाळी गार असते तेव्हा छान चालते रे," काका सांगत होते, आणि त्या एका वाक्यात मला निम्मं निदान मिळालं होतं.

बॉनेट उघडलं तर आत स्टेनलेसचा चकचकीत हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या लांब नळ्यांचा जुडगा. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बसवलेला. दिसायला देखणा, वेल्डिंगही हात बसलेल्या माणसाचं. पण कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीला, हात लावला आणि झटकन मागे घेतला. आत पेट्रोल उकळत होतं.

या इंजिनाची रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बीएमसीच्या या बी-सिरीज इंजिनात (आपल्या अँबॅसेडरलाही वर्षानुवर्षं हेच होतं) हवा आत घेणारी दोन तोंडं आणि धूर बाहेर टाकणारी तीन तोंडं हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, एकाच बाजूला, एकाच ओळीत आहेत. म्हणजे कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर. हेडरच्या जागी मूळचा असतो तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मॅनिफोल्ड आखूड आणि ठेंगणा, वर उष्णता अडवणारा पत्रा. हेडरच्या नळ्या लांब, त्यामुळे तापणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त. शिवाय नळ्या आड येतात म्हणून तो पत्राच काढून ठेवलेला!

दुसरा दोष मला फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातल्यावर सापडला. इथे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच स्टडवर, एकाच जाड वॉशरखाली धरलेले असतात. वॉशरचा अर्धा भाग एकाच्या कानावर, अर्धा दुसऱ्याच्या. दोन्ही फ्लँजची, म्हणजे हेडला टेकणाऱ्या चपट्या कडांची, जाडी सारखी असेल तरच वॉशर सपाट बसतो. हेडरचा फ्लँज दीड मिलिमीटर जाड होता. वॉशर तिरका होऊन सगळा दाब हेडरवर, इनटेक सैल. तिथून फुकट हवा आत, मिश्रण पातळ, म्हणून इंजिन मिसिंग मारत होतं आणि जास्तच तापत होतं.

काकांचं म्हणणं होतं की दुसरा चांगला स्टेनलेस आणू, परदेशातून, ३२१ ग्रेडचा. त्यांचं वाचन पक्कं होतं. ३०४, म्हणजे नेहमीचा स्टेनलेस, सतत तापत राहिला की साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान त्यातलं क्रोमियम कणांच्या कडांवर कार्बनला जाऊन चिकटतं, आणि गंज अडवायची ताकद तिथेच कमी होते. ३२१ मध्ये टायटॅनियम असल्यामुळे हे टळतं. सगळं खरं. पण ३०४ घ्या की ३२१, बिडाच्या दीडपट फुगतो. फूटभर लांबी ५०० अंशांनी तापली तर बीड दीड-पावणेदोन मिलिमीटर वाढतं, स्टेनलेस अडीचच्या पुढे. हेड बिडाचं, शेजारी अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक, दोघांना धरणारा वॉशर एकच. रोजच्या तापण्या-निवण्यात ती पकड टिकेल याची खात्री मला देता येईना. आणि वरचं पेट्रोल उकळायचं ते उकळणारच.

"जुना मॅनिफोल्ड आहे का हो?" मी विचारलं. होता, घरी पोत्यात गुंडाळलेला.

तो टेबलावर ठेवून हातोडीने हलकं टिचकावलं. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं. याचा आवाज बद्द आला. घासलेट लावलं, दहा मिनिटांनी स्वच्छ पुसलं, वर खडूची पूड चोळली. हळूहळू पांढऱ्यावर एक करडी रेघ उमटली, मधल्या तोंडापासून कानापर्यंत. काका चष्मा वर करून बघत राहिले. वडिलांनी घेतलेली गाडी आहे ती. निकेल रॉडने वेल्डिंग करता आलं असतं, पण खालची भिंत गंजून जागोजागी तीन मिलिमीटरवर आली होती. वेल्डिंग एकीकडे केलं की तडा दुसरीकडे, हे मी पूर्वी पाहिलंय.

मग कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करणारे एक मामा आहेत. तडकलेला मॅनिफोल्ड हातात फिरवत म्हणाले, "ह्योच वाळूत दाबून वतायचा न्हाई हां. बीड आटतंय की. फुटाला तीन मिलिमीटर जाणार, भोकं तोंडावर येणार न्हाईत." त्यांनी आटीची पट्टी (आटणं धरून थोडी मोठी आखलेली मोजपट्टी) काढून लाकडी पॅटर्न आणि आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या कोअरचा साचा, म्हणजे कोअर बॉक्स, नव्याने केले. तीन वाटांचा तो कोअर बघताना मला हेडरच्या चकाकीची आठवणसुद्धा आली नाही.

खरा वाद झाला तो शिरोलीच्या फाउंड्रीत, बिडाच्या ग्रेडवरून. त्यांच्याकडे एसजी आयर्न, म्हणजे चिवट जातीचं बीड, तयार होतं आणि ते म्हणत होते की जास्त मजबूत तेच घ्या. माझं मत वेगळं पडलं. एसजीत ग्रॅफाइटचे गोळे असतात, म्हणून ते चिवट. साध्या बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात, म्हणून ते ठिसूळ, पण उष्णता पटकन वाहून नेतं. एसजी सहसा फुटणार नाही, पण असमान तापलं की वाकेल, आणि इथे फ्लँज वाकणं म्हणजे पुन्हा तोच तिरका वॉशर. रेसची गाडी असती, धूर ८०० अंशांवर सतत खेळत असता, तर मी सिलिकॉन-मॉलिब्डेनमवालं एसजी मागितलं असतं. रविवारी सकाळी बाहेर पडणाऱ्या गाडीला जास्त कार्बनचं साधं बीड योग्य. साध्या बिडाच्या ग्रेडमध्येही एफजी २६० नको म्हटलं, एफजी २०० द्या. ताकद कमी, पण तापण्या-निवण्याचा ताण ते जास्त सोसतं.

दोन नग ओतले. त्यातल्या एकात कोअर सरकून भिंत एकीकडे पातळ झाली. तो परत भट्टीत गेला. दुसरा साडेपाचशे अंशांवर काही तास ठेवून भट्टीतच निवू दिला, ओतताना राहिलेला ताण निघावा म्हणून. पुण्यात आणल्यावर इनटेक आणि तो एकाच फिक्स्चरवर बांधून दोघांचे चेहरे एकाच फेरीत मिलिंग केले. कानांची जाडी मायक्रोमीटरने तीनदा मोजली.

नवं पॅकिंग, पितळी नट, पत्रा परत जागेवर. मेच्या एका दुपारी, मुद्दाम दोन वाजता, काका आणि मी त्याच घाटात गेलो. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं आम्ही गप्प उभे राहिलो. मी बॉनेट उघडून फ्लोट चेंबरवर तळवा ठेवला. गरम होता, पण हात ठेवता येत होता. काकांनी माझा हात बाजूला सारून स्वतःचा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, "मार स्टार्टर."

पहिल्याच फेरीत सुरू झाली.