विसर्जनाला मुलं न्यायची असतील तर आधी हमीपत्राचं बघा

कलम ५१क, १९७६, ४२वी घटनादुरुस्ती. नववीची पोरं मूलभूत कर्तव्यं घडाघडा म्हणतात आणि मधल्या सुट्टीत वेफर्सचं पाकीट जिन्यात टाकतात. म्हणून यंदा दीड दिवसाच्या विसर्जनाला त्यांना ठाण्याच्या तलावपाळीला निर्माल्य गोळा करायला न्यायचं ठरवलं. पालकांची संमतीपत्रं पटापट आली, मुख्याध्यापकही तयार. घोडं अडलं परवानगीपाशी.

अर्ज घेऊन गेले त्या पालिकेच्या कार्यालयात एका टेबलाने सांगितलं, हा घनकचऱ्याचा विषय. घनकचरावाल्यांनी उद्यान विभाग दाखवला. तिथले साहेब मीटिंगमध्ये. बाकड्यावर बसून बसून पंख्याच्या पात्यांवरची धूळ पाठ झाली. अखेर साहेब भेटले. अर्ज न वाचताच म्हणाले, "मॅडम, पोरगं पाण्यात पडलं तर? सगळी जबाबदारी शाळेची, असं हमीपत्र आणा." मुख्याध्यापकांनी सहीला साफ नकार दिला, आणि त्यांचं काही चुकलं नाही. मग रोज तेच: तिकडे "हमीपत्र आणलं का?", इकडे "मी सही करणार नाही." नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला नागरिक म्हणून कोणी दारात उभं करेना!

(अर्जाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तो क्रमांक नसता तर माझा अर्ज "आलाच नाही" झाला होता.)

तोडगा वर्गातल्या एका मुलीने काढला. "बाई, आपण पाण्याजवळ जायचंच कशाला? गेटवरच उभं राहू." नवा अर्ज केला: मुलं फक्त प्रवेशद्वारापाशी, काठावर कोणी नाही. हमीपत्राचा विषयच संपला. दुसऱ्या दिवशी सही!

गेटवरचं काम उलट जास्त मोलाचं निघालं. फुलं पाण्यात कुजली की प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, हे लोकांना ठाऊक असतं. पण निर्माल्य पिशवीसकट कलशात टाकलं तर त्याचं खतही नीट होत नाही, हे कोणी सांगत नाही. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा गाडीतून उतरलेल्या काकांना म्हणाला, "काका, पिशवी मोकळी करून द्या, हाराचा दोरा मी काढतो." काका आधी गुरकावले, मग पिशवी त्याच्यासमोर धरून उभे राहिले.

अर्ज श्रावण लागायच्या आत टाका, नंतर सगळे बंदोबस्तात असतात. आणि हातमोजे लहान मापाचे घ्या. मोठे घातले तर दोऱ्याची गाठ सुटत नाही.