तिसऱ्या रात्री मी गप्प बसले होते

सात दिवसांचा ट्रेक, 4400 मीटरवरचा पास म्हणजे खिंड ओलांडायची, आठ जण, आणि कुणीच कुणाला आधीपासून ओळखत नव्हतं. सगळ्यात मोठे काका साठी ओलांडलेले, सगळ्यात लहान मुलगा नुकतंच कॉलेज संपवलेला, आणि मी एवढ्या उंचीवर पहिल्यांदाच. डोंगर चढायची सवय होती मला, पण सकाळी चढून संध्याकाळी घरी यायची, सलग सहा रात्री टेंटमध्ये काढायची नाही.

तयारी मनापासून केली होती. तीन महिने सॅक पाठीवर घेऊन जिने चढले, बूट दोन महिने आधी घेऊन रोज घालून फिरले, कारण कोरे बूट घालून गेलं की पहिल्याच दिवशी टाचा सोलतात, आणि खरंच, शेवटपर्यंत मला एकही फोड आला नाही. पण फिटनेस चांगला असला तरी उंचीचा त्रास होऊ शकतो, हे वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. उलट दमदार माणूस भराभर चढतो म्हणून कधी कधी त्यालाच आधी त्रास होतो.

पहिले दोन दिवस छान गेले, 2100 मीटरवरून 2700 आणि मग 3200. पहिल्या रात्री वाऱ्याला आडोसा म्हणून टेंट खोलगट जागेत लावला आणि सकाळी आतून सगळा ओला. थंड हवा जड असल्याने रात्री उतरून खोलगटात साचते, आणि आपल्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचं पाणी होतं. त्यानंतर रोज जरा वरची सपाट जागा शोधायची आणि टेंटची चेन रात्रभर थोडी उघडी ठेवायची. आधी थंडी वाजेल असं वाटतं पण ओल्या स्लीपिंग बॅगपेक्षा ते खूप बरं. मोबाईल आणि हेडलॅम्पच्या बॅटऱ्याही बॅगेत कुशीत घेऊन झोपायचं, नाहीतर गारठ्याने सकाळी चार्जिंग उतरलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी 3650 मीटरवरचा कॅम्प. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाला आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात आत कमी जातं. पाणीसुद्धा 88 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून जेवण शिजायला वेळ लागत होता आणि सगळे भुकेले बसलेले. मला मात्र भूकच नव्हती. दुपारपासून डोकं ठणकत होतं, खाली वाकलं की जास्तच. ट्रेक लीडर दादाने रोजच्यासारखं एकेकाला विचारलं, डोकं कसंय, जेवण गेलं का, झोप लागली का. माझ्या आधी पाच जण मस्त, एकदम ठीक असं म्हणाले आणि मीही ठीक म्हणाले.

का, तर भीती. माझ्यामुळे सगळे थांबले तर? प्रत्येकाने सुट्टी काढलेली, किती दिवस वाट बघितलेली, आणि मी चार दिवसांच्या ओळखीवर त्यांचा पास हुकवणार? हा विचार तेव्हा मला फार समजूतदारपणाचा वाटला होता.

रात्री मळमळायला लागलं. डोळा लागला की मध्येच श्वास थांबल्यासारखा व्हायचा आणि दचकून जाग यायची. उंचीवर झोपेत असं अनेकांना होतं हे नंतर कळलं, पण त्या वेळी अंधारात खूप घाबरले. टेंटमधल्या ताई जाग्याच होत्या.

"काय होतंय?"

"काही नाही ताई, दमलेय जरा."

"अगं, संध्याकाळपासून तू पाण्याच्या बाटलीला हात लावला नाहीयेस. खरं सांग ना."

मग सांगितलं आणि रडलेही. ताईंनी जॅकेट चढवलं आणि रात्री दोन वाजता बाहेर जाऊन दादाला उठवून आणलं.

दादाने हेडलॅम्पच्या उजेडात मला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावलं. तोल गेला असता किंवा बोलणं भरकटलं असतं तर त्याच क्षणी, अंधारात, खाली न्यावं लागलं असतं, कारण मग मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यावी लागते आणि त्यात सकाळची वाट बघायची नसते. बसल्याजागी धाप लागते का, खोकला आहे का तेही विचारलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला पण म्हणाला, नुसत्या आकड्यावर जायचं नसतं, तुला काय होतंय ते जास्त महत्त्वाचं. मी नीट चालले. मग त्याने सांगितलं, उद्या तू वर जाणार नाहीस, इथेच आराम, वाढलं तर खाली, कमी झालं तर पुढचं बघू.

सकाळी त्याने सगळ्यांसमोर हे मांडलं. एक जण नाराज झाला, म्हणाला प्लॅनमध्ये आज 4050 चा कॅम्प आहे. त्याचा राग समजण्यासारखा होता. मी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात तो कॉलेजवाला मुलगा हळूच म्हणाला, माझंही डोकं कालपासून दुखतंय, मी दोन वेळा गोळी घेऊन गप्प बसलो. आठांतले दोघं! एका मिनिटात वातावरणच बदललं. जो नाराज झाला होता त्यानेच स्वतःचा थर्मास त्या मुलाच्या हातात दिला.

प्लॅनमध्ये एक राखीव दिवस होता, तो तिथे वापरला. 3000 मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस थांबावं असं सांगतात. आम्ही त्या हिशोबातच होतो, तरी प्रत्येक शरीर आपापल्या वेळेने रुळतं. दुपारपर्यंत मी घोट घोट पाणी पीत पडून होते. संध्याकाळी कोणतीही गोळी न घेता डोकं उतरलं आणि मी पोटभर जेवले. त्या मुलाचंही उतरलं.

पाचव्या दिवशी वरचा कॅम्प, सहाव्या दिवशी पहाटे तीनला निघालो. ओढा उजाडायच्या आत ओलांडायचा होता, दुपारी वरचा बर्फ वितळून त्याचं पाणी खूप वाढतं. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून, एकमेकांचे दंड धरून पार झालो. पट्टे सोडायचे कारण पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. 4400 मीटरवर पास. तिथे आम्ही वीस मिनिटं होतो, वारा एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि काका माझा हात घट्ट धरून उभे होते.

खरी परीक्षा उतरताना झाली. दोन दिवस नुसता उतार, बुटाची लेस घोट्याशी आवळून बांधली तरी बोटं पुढे आदळत होती, आणि गुडघ्यांनी तर सगळा हिशोब मागितला. आता मात्र कुणी लपवत नव्हतं, थांबा म्हटलं की सगळे थांबायचे.

खाली रस्त्याला लागलो, गाडीत सॅक टाकल्या. काकांनी सवयीने मागे वळून विचारलं, "डोकं कसंय गं?"

"डोकं मस्त आहे काका, पण उजवा गुडघा खूप दुखतोय."

त्यांनी पुढची सीट मला दिली, पाय लांब करता यावा म्हणून.