शाफ्टचे बोल्ट मागताना गाडीचं नाव सांगू नका

जळगावला किंवा धुळ्याला एखादा बोल्ट हरवला, तर त्याचा जोडीदार खिशात टाकून नट-बोल्टच्या दुकानात जायचं. दुकानदार तो बोटांत फिरवून बघतो आणि मागच्या डब्यातून तसाच काढून देतो. अमेरिकेत पार्ट्सच्या काउंटरवर पहिला प्रश्न असतो: गाडी कुठल्या सालची, कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, इंजिन कोणतं? कॉम्प्युटर या चार उत्तरांवरच चालतो. पण मूळ दोन तुकड्यांचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी फिरती नळी, काढून बाहेरच्या कंपनीचा एका तुकड्याचा ॲल्युमिनियम शाफ्ट बसवलेला असेल, तर चारही उत्तरं बरोबर देऊन चुकीचे बोल्ट मिळतात. त्या शाफ्टसोबत वेगळा ॲडाप्टर येतो, फ्लँजची, म्हणजे शाफ्ट ज्या चकतीला बोल्टने जोडतात तिची, जाडी बदलते, क्रॉसची, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्यातल्या फुलीची, साइजही बदलते. त्यातून गाडीकडचे आटे मिलिमीटरचे आणि शाफ्टकडचे इंचाचे, असा मिश्र संसार बऱ्याचदा असतो.

पहिला फोन शाफ्ट बनवणाऱ्यालाच करावा. नळीवरच्या स्टिकरवर सिरियल नंबर असेल, तर बोल्टचा पूर्ण सेट आणि टॉर्कचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा तिथूनच मिळू शकतो. स्टिकर गेलं असेल, तर मोजमाप आलं.

बोल्टच्या जाडीवर विसंबू नका. एम8 (8 मिमी जाडीचा) आणि 5/16 इंच, म्हणजे आपला अडीच सुती, व्हर्नियरवर जवळजवळ सारखेच दिसतात. फरक आट्यांत असतो, म्हणून दहा आट्यांची लांबी मोजा. एम8 चा नेहमीचा 1.25 चा आटा असेल तर 12.5 मिमी भरते, 5/16 जाड आट्याची 14.1 आणि बारीक आट्याची 10.6. तीन सुती (3/8 इंच) बोल्टचंही तसंच: जाड आट्याला 15.9, बारीक आट्याला 10.6, तर एम10 ला आट्यानुसार 15 किंवा 12.5. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे हाताने सहज जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की फ्लँजचे आटे गेलेच.

क्रॉससाठी त्याच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर घ्या. 27 आणि 81.8 मिमी आलं तर 1310 सिरीज, 27 आणि 92.1 आलं तर 1330, 30.2 आणि 92.1 आलं तर 1350. दुकानात हाच नंबर सांगायचा. कप जागेवर धरणारी सर्क्लिप आतून बसते की बाहेरून, हेही सांगा, नाहीतर कप बरोबर येतो आणि क्लिप बसत नाही. क्रॉस यू-बोल्टने धरलेला असेल तर हात आवरा: 5/16 ला 19 ते 23 न्यूटन-मीटर, 3/8 ला 27 ते 33 पुरे. जास्त आवळलं तर कप दबतो, आतल्या सुया अडकतात आणि नवा क्रॉस लवकरच कुरकुरायला लागतो.

फ्लँजच्या बोल्टला डोक्यावर 10.9 किंवा 12.9 हा ताकदीचा ग्रेड लिहिलेला हवा, इंचाच्या बोल्टवर सहा रेघा. शाफ्टचा जोर बोल्टच्या दांड्याने पेलायचा नसतो. बोल्टने दोन फ्लँज इतक्या घट्ट दाबायच्या, की त्यांच्यातलं घर्षणच तो पेलेल. मिशिगनसारख्या राज्यात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गंजाच्या भीतीने स्टेनलेसचा मोह होतो. तो टाळाच. नेहमीचा ए2-70 स्टेनलेस 450 मेगापास्कलला ताणून लांबायला लागतो, 10.9 चा बोल्ट 900 ला. 12.9 घ्यायचा तर काळाच घ्या. इतक्या कडक पोलादाला इलेक्ट्रोप्लेटिंग केलं की त्यात हायड्रोजन शिरतो आणि आवळल्यावर काही तासांनी डोकं आपोआप उडू शकतं.

सगळ्यात जास्त फसगत लांबीत होते. ॲडाप्टर 10 मिमी जाड आहे, गाडीकडचं बंद भोक 14 मिमी खोल आहे आणि तुम्ही 25 मिमी लांब एम10 आणला, असं समजा. 15 मिमी आत जायला बघतो आणि तळाला टेकतो. टॉर्क पाना टक् करतो, आपण खूश, आणि फ्लँज मात्र सैलच! पोलादात निदान बोल्टच्या व्यासाइतके आटे धरले पाहिजेत, म्हणून 20 मिमीवर काम भागेल असं वाटतं, पण तो अगदी काठावर. मधली 22 ची लांबी सहसा मिळत नाही. 25 चाच घेऊन खाली 2 मिमीचा कडक वायसर टाका, 13 मिमी पकड मिळते.

गावाकडून मागवता येतील का? हाय टेन्साइल मेट्रिक बोल्ट खुशाल मागवा, मात्र डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण असेल तेच. इकडे मोठ्या हार्डवेअर दुकानात 10.9 मिळतो, पण बारीक आट्याचा क्वचितच. त्यासाठी मॅकमास्टर-कारसारखा पोस्टाने माल पाठवणारा पुरवठादार किंवा शाफ्ट बनवून बॅलन्स करणारं वर्कशॉप गाठावं. वर्कशॉपवाले सुटे चार बोल्टही देतात, पुरवठादाराकडे अख्खं पाकीट घ्यावं लागतं. एकच बोल्ट गेला असला तरी त्या फ्लँजचे सगळे बदला. वजन कमी-जास्त झालं, तर महामार्गाच्या वेगाला शाफ्ट थरथरतो. तीच थरथर फ्लँजच्या खाचेत गंजाचा पापुद्रा राहिल्यानेही होते, म्हणून बसवण्याआधी ती खाच तारेच्या ब्रशने पुसा.

आटे ब्रेक क्लीनरने कोरडे करून लॉकटाइट 243 या आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचे दोन थेंब टाका, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळा. लॉकटाइट पूर्ण धरायला 24 तास लागतात, थंड गॅरेजात त्याहून जास्त. नंतर पुन्हा पाना लावायचा नाही, लावला तर धरलेलं लॉकटाइट तुटतं. त्याऐवजी बोल्टच्या डोक्यावरून फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढच्या ऑइल बदलाला गाडी वर घेतली की रेघ सरळ आहे का तेवढं बघायचं.