बोर्ड गेलाय म्हणण्याआधी

कॉम्प्युटरचे पंखे फिरतात, लाइट लागतो, पण मॉनिटरवर डिस्प्ले नाही. दुकानात पहिलं निदान ठरलेलं असतं: बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, गेलाय. बोर्ड जातोही कधीकधी, पण संशयितांच्या यादीत त्याचा नंबर शेवटी हवा. त्याच्याआधीच्या गोष्टी तपासायला दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर, एक स्टार स्क्रूड्रायव्हर आणि तासभर वेळ पुरतो. फक्त सुरुवात भिंतीपासून करायची आणि मग आत शिरायचं.

भिंतीपासून म्हणजे सॉकेटपासून. मीटरची काळी वायर सीओएम (COM) लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, चकती एसी ७५० वर (काही मीटरवर ६००). लाल वायर चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली तर थेट शॉर्ट होतो, म्हणून दरवेळी आधी भोक बघायचं. आपल्याकडच्या सॉकेटमध्ये समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास आणि फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच दिसायला हवं. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. फेज-अर्थ अर्धवट काहीतरी दिसलं किंवा काहीच दिसलं नाही, तर तिथे अर्थिंग नाही. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचं असतं, पण मागे वायरी दोनच आलेल्या असतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक मुंग्या येतात त्याचं कारण हेच. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून येणारा किंचित करंट अर्थिंगमधून निघून जावा अशी ती रचना असते. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. अशा अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल लावली की पोर्ट उडू शकतो. त्यामुळे तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा, बाकीचं नंतर बघू.

आता एसएमपीएस. त्याचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकून राहतात. तपासणी बाहेरूनच होते. मेन्स बंद करून बोर्ड, कार्ड, डिस्क यांचे सगळे कनेक्टर काढा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची काळी पेपरक्लिपने जोडा, लोड म्हणून एखादा कॅबिनेट फॅन लावा आणि मेन्स चालू करा. मीटर डीसी २० वर ठेवून काळा प्रोब काळ्या वायरीच्या पिनवर टेकवा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४६ मिळायला हवेत. करड्या वायरीवर पाच व्होल्टच्या आसपास आले तर एसएमपीएस स्वतःला ठीक समजतोय. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप घालू नका, मॅन्युअलमधला १६ नंबरचा पिन शोधा.

जांभळी वायर वेगळी आहे. क्लिप नसतानाही, नुसता प्लग लावला की तिच्यावर ५ व्होल्ट यायला हवेत. बटण दाबलं गेलंय हे बोर्डाला कळतं ते याच व्होल्टवर. बटण चार-पाचदा दाबल्यावर एकदाचा पीसी सुरू होत असेल, तर ही वायर आधी मोजा. ४.७५ च्या खाली दिसली तर एसएमपीएसच बदलावा लागेल.

क्लिपच्या चाचणीत पास झालेला एसएमपीएस मात्र निर्दोष ठरत नाही. एका फॅनच्या लोडवर कुणीही १२.१ दाखवतो. खरी परीक्षा सगळं परत जोडून पीसी चालू असताना, म्हणजे डिस्प्ले येतो पण मध्येच बंद पडतो अशा केसमध्ये. रिकामा राहिलेला चार पिनांचा जुना कनेक्टर घ्या, पिवळा आणि काळा मोजत ठेवा आणि गेम सुरू करा. १२ चे ११.२ झाले की चोर सापडला. स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट असतं. लेबलवर १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर लिहिलेले असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला १६८ वॅटच आले.

पॉवर ठीक असेल तर रॅम. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग रॅम बाहेर काढा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यानंतर ‘डिस्प्ले नाही’ची तक्रार आली, तर सोनेरी पट्ट्यांवर चढलेला थर हे अगदी नेहमीचं कारण. पांढरं मऊ खोडरबर घ्या. पेनाचं खरखरीत रबर नको, कारण ते सोन्याचा पातळ मुलामाच खरवडतं. स्लॉटपासून लांब, पट्ट्यांवरून कडेच्या दिशेने हलक्या हाताने घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग एकच रॅम, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, टक आवाज येईपर्यंत दाबा. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर बोर्ड तिच्याशी जुळवून घेईपर्यंत (याला ट्रेनिंग म्हणतात) पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. घाईने बटण दाबलं की ते ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून.

डिस्प्ले आला, तरी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून एक पूर्ण पास चालवा. आधी बायोसमधलं (बोर्डाच्या सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा, नाहीतर रॅम चांगली असूनही ओव्हरक्लॉकमुळे एरर दिसतील. तरीही एक जरी एरर आला तरी तो सोडून देऊ नका. तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा: एरर रॅमसोबत गेला तर रॅम खराब, स्लॉटपाशीच राहिला तर स्लॉट किंवा प्रोसेसरची बाजू.

बोर्डावरच्या नाण्यासारख्या सेलचं काम पटकन उरकतं. सीआर२०३२ काढून मोजा, २.८ च्या खाली असेल तर नवा घाला. काढलाच आहे तर पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोसही रिसेट होतो.

एवढ्यानेही डिस्प्ले नसेल तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवा. बोर्डाला खालून कुठेतरी टेकलेला जास्तीचा स्टँडऑफही (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा धातूचा खुंट) शॉर्ट करतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, २४ पिन आणि प्रोसेसरशेजारचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर, बस. हा दुसरा कनेक्टर विसरला की पंखे फिरतात पण पुढे काही होत नाही. इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर ग्राफिक्स कार्ड लावावंच लागेल आणि मॉनिटरची केबल कार्डालाच. मग पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए असे छोटे दिवे असतील तर कोणता पेटलेलाच राहतो ते टिपून घ्या. दुकानात जाल तेव्हा तो दिवा आणि मोजलेले व्होल्ट कागदावर लिहून न्या, आणि एसएमपीएस-रॅम बदलून बोर्ड आपल्यासमोर तपासायला सांगा.