लेकीसोबत मचाणावर

शुक्रवारी दुपारी मॅडिसनहून निघालो तेव्हा चौदा नंबरच्या हायवेवर पुढेमागे पिकअप ट्रकच दिसत होते. मॅझोमनीच्या पंपावर पेट्रोल भरायला थांबलो, तर आत कॉफीच्या रांगेत निम्मी माणसं भडक नारिंगी जाकिटांत. कुणी कुणाला ओळखत नसताना सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते, "कुठे बसणार उद्या?" एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरीच्या रस्त्यावर असतो तसा तो आपलेपणा होता.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम नऊ दिवसांचा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होतो, नंतरच्या रविवारी संपतो. साडेपाच लाखांच्या आसपास लोक ह्या हंगामाचा परवाना काढतात. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात कुणी मीटिंग ठेवत नाही. अकरा वर्षं मी हे सगळं बाहेरून पाहत होतो. या वेळी आत गेलो, ते आठ वर्षांच्या लेकीमुळे.

शेजारच्यांचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. शाळेच्या बसची वाट बघताना त्याने हिला सांगितलं की तो बाबांबरोबर शिकारीला जातो आणि तासन् तास एक शब्द बोलत नाही. हिला शिकारीपेक्षा ते न बोलण्याचं नवल वाटलं. घरी येऊन म्हणाली, "मला पण बघायचंय." बायकोला हे पटलं नाही. तीन आठवडे आमच्यात चर्चा चालली. शेवटी ठरलं की बंदुकीला हात लावायचा नाही, फक्त बघायचं, आणि लेक म्हणेल त्या क्षणी परत फिरायचं. शेजाऱ्यानेही हीच अट आधी घातली होती. "मूल म्हणालं पुरे, की पुरे. थंडी वाजली तरी, कंटाळा आला तरी," तो म्हणाला. पहिल्या वर्षी मुलाला चाळीस मिनिटांत परत आणलं होतं, दुसऱ्या वर्षी दीड तासाने. रडवून बसवलेलं मूल पुन्हा कधी रानात येत नाही, असं त्याचं म्हणणं.

स्प्रिंग ग्रीनला विस्कॉन्सिन नदी ओलांडली की टेकड्या जवळ येऊ लागतात. बाकीचा बराचसा मध्यपश्चिम भाग हिमनद्यांनी रगडून सपाट केला, हा कोपरा तेवढा त्यांच्या तडाख्यातून सुटला. म्हणून इथे अरुंद दऱ्या, वर ओकची झाडं आणि खाली मक्याची कापलेली शेतं. रिचलंड सेंटरच्या पुढे डोंगराच्या कुशीत शेजाऱ्याच्या वडिलांचं शेतघर आहे. आम्ही पोचलो तेव्हा आजोबा पत्ते पिसत बसले होते. टेबलावर चीज, सुकं सॉसेज, मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा. आम्ही दिवाळीचा उरलेला फराळ ठेवला.

त्या फराळावरून पहिला धडा मिळाला. उद्या मचाणावर काय खायचं ते मुलं ठरवत होती. मुलाने चकली हातात घेतली, कानाजवळ मोडली आणि मान हलवली. नको. बेसनाचा लाडू मोडून बघितला. आवाज नाही. चालेल. मग हिचं जाकीट तपासलं. नायलॉनचं, हात हलवला की सरसर वाजणारं. त्याने स्वतःचं जुनं लोकरीचं आणून दिलं, वरून भडक गुलाबी बंडी. नारिंगीऐवजी हा गुलाबीही २०१६ पासून इथल्या कायद्याला चालतो. हरणाला लाल-नारिंगी रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, पण माणसाला लांबून दिसतात. बंडी असते ती दुसऱ्या शिकाऱ्याच्या बंदुकीपासून वाचायला. हे सगळं अकरा वर्षांचं पोर माझ्या लेकीला अगदी गंभीरपणे समजावत होतं.

जेवण झाल्यावर त्याच्या वडिलांनी बंदुकीचे चार नियम म्हणून घेतले, आपण परवचा म्हणून घ्यायचो तसे. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळीचं तोंड कायम निर्धोक दिशेला. नेम कशावर आहे आणि त्याच्या पाठीमागे काय आहे, याची खात्री करायची. बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे शिकारीचा परवाना काढायचा तर प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्यात हे चार नियम पाठ असावेच लागतात. लहान मुलांना सूट आहे, पण जाणता मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा. पूर्वी त्यासाठी वयाची दहा वर्षं पुरी लागत आणि दोघांत मिळून एकच बंदूक नेता येई. २०१७ साली दोन्ही अटी गेल्या. आज कायद्याने पाच वर्षांच्या मुलाच्या हातातही बंदूक देता येते. मला हे चूक वाटतं. आजोबांनाही वाटतं. त्यांच्या घरात अजून जुनाच नियम चालतो. सहाव्या वर्षी नुसतं बसायचं, आठव्या वर्षी लाकडाची बंदूक घेऊन चालायचं, आणि तिचं तोंड एकदा जरी माणसाकडे वळलं तरी त्या दिवसापुरतं घरी. दहाव्या वर्षी चांदमारीवर सराव, मग रान. आणि दोघांत बंदूक एकच.

पहाटे साडेचारला उठलो. दात घासायला साधं पाणी, साबण-अत्तर काही नाही. कपडे रात्रभर बाहेर ओसरीवर टांगलेले, बर्फासारखे गार. वारा कुठून आहे ते आजोबांनी बघितलं आणि दरीतल्या मचाणाऐवजी वरच्या मचाणाकडे जायला सांगितलं. अंधारात रांगेने चाललो. पायाखाली ओकची पानं करकरत होती, म्हणून दोन पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दोन पावलं. हरणं तशीच चालतात, असं मुलगा कुजबुजला.

मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी खोली, तीन बाजूंना खिडक्या. बंदूक रिकामी होती. आधी माणसं वर चढली, मग दोरीने ती ओढून घेतली आणि आत बसल्यावरच काडतुसं भरली. लेकीच्या गळ्यात कान झाकायचे मफ अडकवले. खूण केली की लगेच कानावर घ्यायचे.

मी अमरावती जिल्ह्यातला. काकांच्या शेतात असाच माळा होता. हरभरा वर आला की रोही आणि रानडुकरं येत, आणि काका रात्र रात्र त्यावर जागल करत. डबा वाजवायचा, टेंभा फिरवायचा, हाकलायचं. मारायचं नाही, कारण १९७२ चा कायदा आला होता. आधीच्या काळातली भरमार बंदूक माझ्या आजोबांच्या गोष्टींतच उरली होती. मी त्या माळ्यावर काकांच्या घोंगडीत झोपलेलो आहे. पन्नास वर्षांच्या माणसाला इतक्या लांब, उणे तापमानात, लाकडाच्या वासाने ते सगळं आठवेल असं वाटलं नव्हतं.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी कायद्याने वेळ सुरू होते. तो क्षण घड्याळात न बघताही कळला. पलीकडच्या डोंगरावरून एक बार ऐकू आला, मग दुसरा, मग बराच वेळ काही नाही. उजाडत गेलं. आधी झाडांचे बुंधे दिसले, मग गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं. एक खार इतक्या आवाजाने पानं उकरत होती की लेकीला वाटलं हरीणच आलं. तिने माझी बाही ओढली. तोंड उघडलं नाही. घरी जेवताना पाच मिनिटं गप्प न बसणारी माझी पोरगी दोन तास गप्प होती, आणि तिला ते कुणी सांगावं लागत नव्हतं.

आठ वाजून गेल्यावर डावीकडच्या उतारावरून एक मादी आली. चार पावलं, थांबणं, कान फिरवणं. मुलाने बंदूक खिडकीच्या चौकटीवर टेकवली. हिने मफ कानावर घेतले. माझं हृदय इतकं धडधडत होतं की हरणाला ऐकू जाईल असं वाटलं. मादी चढत चढत अगदी धारेवर जाऊन उभी राहिली, आडवी, स्पष्ट, पाठीमागे नुसतं उजळलेलं आभाळ. त्याहून सोपा नेम नसेल.

वडील त्याच्या कानात म्हणाले, "मागे काय आहे?"

मुलाने दुर्बिणीतून डोळा काढला. "आभाळ."

एवढंच. त्याने बोट चापापासून लांब ठेवलं, सुरक्षेचा खटका पुन्हा लावला आणि नळी खाली घेतली. धारेपलीकडे उतारावर दुसऱ्या कुणाचं शेत असेल, कुणाचं मचाण असेल, आणि गोळी धारेवर थांबत नाही. मादी आणखी मिनिटभर उभी होती. मग शेपटीचं पांढरं निशाण वर करून पलीकडे गेली. मुलाचे डोळे भरले होते. वडिलांनी त्याला शाबासकी दिली नाही की समजूतही घातली नाही. थर्मासमधलं कोको ओतून त्याच्या हातात दिलं. मला त्या वेळी त्यांचा फार आदर वाटला.

दहाच्या सुमारास दुसरी मादी आली, खाली ओढ्याच्या बाजूने. मागे मातीचा चढ. अंतर साठ-पासष्ट पावलं. वडिलांनी पुन्हा तेच विचारलं, मुलाने "माती" म्हटलं, आणि बार झाला. मादी उडी मारून झुडपांत दिसेनाशी झाली.

लगेच उतरायचं नसतं. जखमी जनावराच्या मागे धावलं तर ते आणखी लांब पळतं आणि हाल होतात. अर्धा तास आम्ही तिथेच बसलो. मुलगा थरथरत होता. लेकीने खिशातला लाडू अर्धा केला आणि त्याला दिला.

माग मुलांनीच काढला. पहिल्यांदा जिथे उभी होती तिथे केस, मग ओकच्या पानावर गुलाबी, फेसाळ रक्त. फेस म्हणजे गोळी फुप्फुसात लागली, म्हणजे ती फार लांब गेली नसणार. प्रत्येक ठिपक्याशी वडील एक नारिंगी फीत बांधत होते. ऐंशी पावलांवर पडलेल्या ओंडक्यामागे ती सापडली. मुलाने पाठीकडून जाऊन काठीने डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मग त्याने हातमोजा काढला आणि मानेवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला.

लेकीने विचारलं, "ती कुणाची आई होती का?"

मी काहीतरी गोड सांगणार होतो. शेजारी गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "असेल. वसंतातली पाडसं आता स्वतःचं खातात, दूध सुटलंय त्यांचं. पण असेल." एवढं खरं उत्तर मी तिला दिलं नसतं.

आमच्या गावच्या जत्रेत बोकड कापायचे तेव्हा आम्हा पोरांना घरामागे पिटाळत. थोड्या वेळाने ताटात रस्सा यायचा. मी आयुष्यभर मटण खाल्लं, पण पोट फाडताना थंड हवेत वर येणारी वाफ मी ह्या वयात पहिल्यांदा बघितली. लेकीला विचारलं, घरी जाऊ या का. ती पहिल्या चिरेला माझ्या कोटात तोंड लपवून उभी होती. मग हळूच बघायला लागली. काळीज कुठलं, फुप्फुसं कुठली, पोट्यात काय आहे? पोट्यात मका निघाला आणि ओकची फळं. मुलाने सुरी धरली होती, वडिलांनी त्याचं मनगट.

शेतघरी आल्यावर मुलाने आजोबांच्या फोनवरून नोंदणी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ती करावीच लागते. मग डोकं पिशवीत घालून, चिठ्ठी लावून तपासणीच्या पेटीत ठेवून आलो. ह्या बाजूला हरणांना एक असाध्य रोग आहे. मेंदूतली प्रथिनं वाकडी होत जातात, जनावर खंगून मरतं. २००२ साली मॅडिसनच्या पश्चिमेला तो पहिल्यांदा सापडला आणि आता ह्या काउंट्यांत बराच पसरलाय. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण शिजवूनही तो मरत नाही, म्हणून अहवाल येईपर्यंत मांस खायचं नाही. आजोबा त्याबद्दल बोलताना खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "माझ्या नातवाला मी काय देऊन जातोय ते मला कळत नाही." त्या दोन दिवसांत मी ऐकलेलं हे सगळ्यात जड वाक्य.

लांडगे इथून १९६० च्या सुमारास संपवले गेले. उत्तरेला परत आलेत, ह्या दऱ्यांत जवळजवळ नाहीत. हरणं दहा लाखांहून जास्त. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, लांब नळीच्या बंदुकांवर अकरा टक्के, आणि १९३७ च्या कायद्यानुसार तो पैसा मुख्यतः वन्यजीवांवर खर्च होतो. हा हिशोब मला मान्य आहे. तरी ओंडक्यामागचा तो उघडा डोळा हिशोबात बसत नाही, आणि बसवायची माझी इच्छाही नाही. बायकोला मी हेच सांगितलं.

रविवारी संध्याकाळी परत निघालो. दिवस लवकर मावळतो, आणि नोव्हेंबरात तिन्हीसांजेला ह्या रस्त्यांवर हरणं आडवी येतात, म्हणून सावकाश चालवत होतो. लोन रॉकच्या अलीकडे कापलेल्या मक्याच्या शेतात तीन हरणं दिसली. मी वेग आणखी कमी केला. लेक मागच्या सीटवर झोपली असावी असं वाटत होतं. आरशात बघितलं तर ती काचेला नाक लावून बसली होती. काचा बंद, हीटर चालू, तरी ती अगदी हळू, कुजबुजत बोलली.

"बाबा, पाठीमागे घर आहे."